परदेशी हात आणि बर्डीवरचा भाव

सीताबर्डीच्या मेन रोडवर पहिला सांगितलेला भाव कुणी खरा धरत नाही. विक्रेता चारशे म्हणाला की गिऱ्हाईक दीडशेवरून सुरुवात करतं, दोन पावलं पुढे निघून गेल्यासारखं करतं आणि सौदा सव्वादोनशेला पटतो. हेच गिऱ्हाईक पिशव्या सांभाळत व्हरायटी चौकाजवळच्या टपरीवर चहाला टेकलं, की 'निवडणुकीत परदेशी पैसा आला होता' हे वाक्य मात्र घासाघीस न करता घेतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी ते असंच ऐकलं. "एकवीस मिलियन डॉलर, भाऊ. एकशे ब्याऐंशी कोटी! मतदान वाढवाले दिले म्हणे अमेरिकेनं." दुसऱ्यानं विचारलं, "मंग आपल्या नागपुरात चोपन्नच टक्के काऊन झालं बापा?" २०२४ च्या लोकसभेला नागपूरचं मतदान खरोखरच ५४ टक्क्यांच्या आसपास अडकलं होतं. सगळे हसले, आणि बातमी तशीच्या तशी पुढच्या गल्लीत गेली.

"पैसा आलाच. खुद्द ट्रम्प बोलले!"

१६ फेब्रुवारीला इलॉन मस्क यांच्या 'डोज' या अमेरिकी सरकारी खर्चकपातीच्या विभागानं रद्द केलेल्या खर्चांची यादी 'एक्स'वर टाकली. त्यात एक ओळ होती: भारतातलं मतदान वाढवण्यासाठी २ कोटी १० लाख डॉलर. कोणत्या वर्षी, कुणाच्या हातात, किती रक्कम प्रत्यक्ष गेली, याचा पत्ता नाही. काही दिवसांत डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की दुसऱ्याच कुणाला तरी निवडून आणायचा तो प्रयत्न असावा. पुढे दुसऱ्या एका भाषणात तेच पैसे 'माझे मित्र मोदी' यांच्याकडे जात असल्याचंही बोलून गेले. आपल्याकडे भाजपनं एक वाक्य उचललं, काँग्रेसनं दुसरं.

'द इंडियन एक्सप्रेस'नं मात्र नोंदी उघडल्या. यात कुणी वेश बदलून कुठे शिरलं नाही की मध्यरात्री पार्किंगमध्ये कुणाला भेटलं नाही. अमेरिकी सरकारच्या प्रत्येक अनुदानाला क्रमांक असतो आणि काम कोणत्या देशात व्हायचं तेही लिहिलेलं असतं. 'डोज'नं ज्या 'सीईपीपीएस' या संस्थासमूहाचं नाव घेतलं, त्याचा २००८ नंतर भारतात एकही प्रकल्प नोंदीत नव्हता. २ कोटी १० लाखांचं अनुदान मात्र होतं. मंजुरी जुलै २०२२ ची, देश बांगलादेश, प्रकल्पाचं नाव 'आमार भोट आमार', पुढे बदलून 'नागोरिक'. त्यातले १ कोटी ३४ लाख डॉलर खर्चही झाले होते. बातमी २१ फेब्रुवारीला छापून आली. भाजपनं ती फेटाळली. पण अनुदानाच्या रकान्यात लिहिलेला देश काही त्यामुळे बदलला नाही.

पुढे ऑगस्टमध्ये राज्यसभेत उत्तर आलं. अमेरिकी दूतावासानं परराष्ट्र मंत्रालयाला कळवलं होतं की २०१४ ते २०२४ या वर्षांत भारतातल्या मतदानासाठी असा निधी आलाही नाही आणि दिलाही गेला नाही. फेब्रुवारीत पहिल्या पानावर आठवडाभर गाजलेल्या गोष्टीचा हा शेवट टपरीपर्यंत पोहोचायला कुणी वाट दिली नाही.

"म्हणजे परदेशी हस्तक्षेप ही निव्वळ थाप"

हा पहिल्याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. प्रयत्न होतात, पूर्वीही झाले. दिल्लीत अमेरिकेचे राजदूत राहिलेले डॅनियल मॉयनिहन यांनी १९७८ च्या पुस्तकात लिहिलं की कम्युनिस्टांना रोखण्यासाठी सीआयएनं केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये दोनदा काँग्रेसला पैसे दिले. सोव्हिएत बाजूनं फुटून आलेल्या वासिली मित्रोखिन यांच्या कागदांत तर केजीबीनं १९७२ या एका वर्षात भारतीय वृत्तपत्रांत साडेतीन हजारांवर लेख पेरल्याचा हिशेब आहे.

मला यात गंमत वाटते ती वेगळी. हा हिशेब मॉस्कोतल्या साहेबांना दाखवण्यासाठी दिल्लीतल्या हेरांनी लिहिलेला. आपलं काम किती मोठं, हे वर कळवणारा कारकून आकडा कमी कशाला लिहील?

आताचे धंदेवाले तसेच. मे २०२४ मध्ये, आपली निवडणूक चालू असतानाच, 'ओपनएआय'नं सांगितलं की 'स्टॉइक' ही इस्रायली कंपनी त्यांची साधनं वापरून भारताविषयी मजकूर तयार करत होती. भाजपवर टीका, काँग्रेसची स्तुती. चोवीस तासांच्या आत तो उद्योग बंद पाडला आणि वाचकांचा म्हणण्याजोगा प्रतिसाद त्याला नव्हता, हेही त्याच अहवालात होतं. बातम्यांत पहिला भाग ठळक आला, दुसरा शेवटच्या परिच्छेदात. त्याच सुमारास 'मेटा'नं चीनमधून चालवलेली ३७ फेसबुक खाती, १३ पानं आणि इतर काही खाती काढून टाकली. ती जगभरच्या शीख समाजाला लक्ष्य करत होती.

"पत्रकारांनी पकडलं म्हणजे निकाल फिरवला होता"

२०२३ मध्ये 'फॉरबिडन स्टोरीज' या संस्थेच्या पुढाकारानं जगभरच्या पत्रकारांनी 'स्टोरी किलर्स' ही मालिका काढली. बंगळुरात ५ सप्टेंबर २०१७ ला गोळ्या घालून मारलेल्या गौरी लंकेश खोट्या बातम्यांच्या कारखान्यांवर लिहीत होत्या. त्यांचं अर्धं राहिलेलं काम पुढे नेण्यासाठी ही मालिका. त्यात तीन पत्रकार गिऱ्हाईक बनून ताल हनान नावाच्या इस्रायली माणसाकडे गेले. त्यानं पडद्यावर बनावट खात्यांची फौज दाखवली आणि सांगितलं, ३३ अध्यक्षीय निवडणुकांत काम केलं, २७ ठिकाणी यश आलं.

फौज पत्रकारांनी डोळ्यांनी पाहिली. सत्तावीस हा आकडा विक्रेत्याचा. समोर गिऱ्हाईक बसलंय असं समजून त्यानं सांगितलेला. बर्डीवर आपण याचं काय करतो ते वेगळं सांगायला नको.

रुमानियाची गोष्ट तर आणखी तिरपी. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं अध्यक्षपदाची पहिली फेरीच रद्द केली. टिकटॉकवरच्या मोहिमेचा, रशियाचा संशय होता. मग 'स्नूप' या छोट्या वृत्तसंस्थेनं वेगळंच उघड केलं. त्या लाटेतली एक मोहीम देशातल्याच एका मोठ्या पक्षाच्या पैशातून निघाली होती.

आपल्या विधानभवनातही हा विषय आला. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी काठमांडूतल्या एका बैठकीचा हवाला देत राज्याच्या निवडणुकीत परदेशी हस्तक्षेप झाल्याचा आरोप केला. सभागृहात केला म्हणून आरोप पुरावा होत नाही, आणि समोरच्यानं नाकारला म्हणून खोटाही ठरत नाही.

"कायद्यानं बंदी आहे, मग प्रश्नच कुठे?"

परकीय योगदान कायद्यानुसार राजकीय पक्षाला किंवा उमेदवाराला परदेशी पैसा घेता येत नाही. वार्ताहर, संपादक, स्तंभलेखक, एवढंच काय, व्यंगचित्रकारालाही नाही. मात्र २८ मार्च २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की वेदांत समूहाकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही हा कायदा मोडला. त्यावर कारवाई व्हायची होती. झालं काय? २०१६ च्या वित्त कायद्यात 'परदेशी स्रोत' या शब्दाची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून. उरलेली भोकं २०१८ मध्ये बुजवली: बदल थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू. लोकसभेत गोंधळात, चर्चेविना मंजूर. बेचाळीस वर्षं मागे जाऊन बिल दुरुस्त करून देणारा दुकानदार बर्डीवर अजून मला भेटलेला नाही. एकमेकांना परदेशी हस्तक म्हणणारे दोन पक्ष या एका मुद्द्यावर मात्र भांडले नाहीत.

मतदान यंत्र परदेशातून हॅक होतं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: ते कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं. हा वादही जून २०२४ मध्ये पुन्हा पेटवणारे मस्कच होते.

आणि बोट आपल्याकडेही वळतं. कॅनडाच्या होग आयोगानं जानेवारी २०२५ च्या अहवालात तिथल्या निवडणुकांत ढवळाढवळ करणाऱ्या देशांत चीनपाठोपाठ भारताचं नाव घेतलं. भारतानं ते साफ नाकारलं. एकूण निकाल बदलल्याचा पुरावा आयोगालाही मिळाला नाही.

टपरीवरच्या त्या भाऊंना मी पुढे कधीतरी गाठून बांगलादेशची हकीकत सांगितली. त्यांनी चहाचा घोट घेतला, जरा विचार केला. "म्हंजे," ते म्हणाले, "आपल्याले एक रुपयाही नाही भेटला?"