परराज्यांतील जुना ट्रॅक्टर घेतांना

उसाचा हंगाम जवळ आला कीं सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत जुन्या ट्रॅक्टरांस गिऱ्हाईक वाढतें. नव्या यंत्राइतकें भांडवल प्रत्येकापाशीं नसतें, आणि बैलजोडी बाळगणेंही आतां पूर्वीसारखें परवडत नाहीं. अशा वेळीं जत, मिरज, कवठेमहांकाळकडील शेतकऱ्याची नजर सीमेपलीकडील अथणी, चिकोडी व विजापूर या भागांकडे साहजिकच वळते. कराड-वाळव्याकडील बागायतदारही तिकडे जाऊन व्यवहार करतात. त्यांत गैर कांहींच नाहीं. मात्र परराज्यांतील गाडी घेणें म्हणजे शेजारच्या गांवची म्हैस दावें सोडून आणणें नव्हे, एवढें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

वास्तविक ही सीमा फार जुनी नाहीं. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण वगैरे संस्थानें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा निघाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. बेळगांव व विजापूर हे जिल्हेही १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबई राज्यांतच होते. पुढें ते म्हैसूर राज्यांत, म्हणजे आजच्या कर्नाटकांत, गेले. सोयरिका, बाजार आणि जत्रा पूर्वीप्रमाणेंच राहिल्या, पण गाड्यांची दप्तरें दोन झालीं. ओळखीच्या माणसाकडून घेतलेली गाडीही कायद्याच्या दृष्टीनें परराज्यांतीलच ठरते, ती यामुळें.

जमीन खरेदी करतांना आपण काय करतों? सातबारा पाहतों, बोजा आहे कीं काय तें तपासतों, आणि खरेदीखत झाल्यावर फेरफार नोंद होईपर्यंत तलाठ्याचा पिच्छा सोडीत नाहीं. तोच शेतकरी ट्रॅक्टर घेतांना मात्र मुद्रांकाच्या कागदावर दोन सह्या घेऊन, पैसे मोजून मोकळा होतो. आमचें सांगणें एवढेंच कीं, आर. सी. बुक हा गाडीचा सातबारा समजावा आणि नांवावर होणें हा तिचा फेरफार समजावा. ताबा मिळाला म्हणजे काम संपलें असें मानूं नये.

प्रथम आर. सी. बुकावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावरील क्रमांकांशीं अक्षरशः ताडून पाहावे. क्रमांक घांसलेला, पुन्हा ठोकलेला किंवा रंगाखालीं झांकलेला दिसल्यास तेथूनच परतावें. विकणारा इसम आणि नोंदलेला मालक एकच आहे ना, हें पाहावें. मालक मयत असल्यास वारसाच्या नांवें नोंद झाल्याशिवाय व्यवहार करूं नये. बँकेचा बोजा असल्यास तो फिटल्याचें पत्र व बँकेच्या सहीचा नमुना ३५ हातीं घ्यावा. खाजगी वापराच्या गाडीची नोंदणी सामान्यतः पंधरा वर्षांची असते. ती संपत आली असेल तर नूतनीकरणाची दगदग व खर्च किंमतींत धरावा.

पुढचा टप्पा ना-हरकत दाखल्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ यांतील कलम ४८ प्रमाणें हा दाखला जेथें गाडी मूळ नोंदली आहे त्या कार्यालयाकडून नमुना २८ वर मिळवावयाचा असतो. अर्ज मालकानें करावयाचा आहे. कार्यालयानें तीस दिवसांत दाखला द्यावा किंवा नकाराचीं कारणें लेखी कळवावीं, असा नियम आहे. गाडी कोठें नेणार तें अर्जांत बिनचूक लिहावें. सांगलीकडील गाड्यांस एमएच-१०, साताऱ्याकडील गाड्यांस एमएच-११ व कराडकडील गाड्यांस एमएच-५० ही खूण मिळते. आपला तालुका कोणत्या कार्यालयाखालीं येतो, याची आधीं खात्री करावी.

दाखला हातीं आल्यावर हस्तांतराचे नमुने २९ व ३० आणि नव्या क्रमांकासाठीं नमुना २७ आपल्या कार्यालयांत द्यावे. खरेदीदारानें हस्तांतराची वर्दी तीस दिवसांत द्यावयाची आहे. परराज्यांतील क्रमांकाची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथें ठेवावयाची तर नवा क्रमांक घेणें कलम ४७ प्रमाणें बंधनकारक आहे. येथें कर किती भरावा लागेल तें सौदा ठरण्यापूर्वींच विचारून घ्यावें, कारण स्वस्त वाटलेली गाडी कर धरल्यावर पुष्कळदां महाग पडते.

विम्याविषयीं तर विशेष सावध राहावें. कलम १५७ प्रमाणें चौदा दिवसांच्या आंत विमा आपल्या नांवें करण्याचा अर्ज द्यावयाचा असतो. तसें न केल्यास स्वतःच्या यंत्राच्या नुकसानीची भरपाई मिळण्यास अडचण येते. ट्रॉली हेंही कायद्यानें निराळें वाहन आहे. तिचें आर. सी. बुक निराळें मागावें आणि विम्यांत तिचा समावेश आहे कीं नाहीं तें वाचून घ्यावें. उसानें भरलेली ट्रॉली रात्रीं रस्त्यावर उभी असतां काय अनर्थ होतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

विकणाऱ्या शेतकऱ्यांसही आमचा हाच इशारा आहे. गाडी विकली, पण नांव आपलेंच राहिलें, तर अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. त्या प्रकरणांत गाडी एका हातून दुसऱ्या हातीं जात अनेकांकडे गेली होती, तरी दप्तरीं पहिल्याच मालकाचें नांव होतें. दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघातापायीं स्वतःची जमीन विकण्याची पाळी यावी, हें कोणासही नको असेल. यास्तव ताबा देतांना तारीख व वेळ घालून पावती करावी आणि हस्तांतराची वर्दी स्वतः द्यावी.

यंत्राची परीक्षाही डोळे उघडे ठेवून करावी. इंजिन थंड असतांनाच चालू करून पाहावें. गरम करून ठेविलेलें इंजिन दोष लपवितें. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन तेल जाळीत आहे असें समजावें. काळा धूर हवा कमी पडल्याची किंवा डिझेल जास्त जात असल्याची खूण आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसल्यास मोठा खर्च पुढें उभा आहे. नांगर जोडून लिफ्ट उचलावी व ती आपोआप खालीं बसते कीं काय तें पाहावें. मागील टायरांची किंमत वेगळी धरावी. तासांच्या मीटरवर विसंबूं नये. क्लचचें पेडल, ब्रेक व आसन यांची झीज अधिक खरें सांगते. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, त्याची मजुरी वायां जात नाहीं.

शेवटीं पैशांविषयीं. सर्व रक्कम एकदम मोजूं नये. इसारा देऊन करार करावा, आणि ना-हरकत दाखला व सह्या झालेले नमुने हातीं पडेपर्यंत मोठा हप्ता राखून ठेवावा. रक्कम शक्यतों बँकेमार्फत द्यावी. सच्चा विक्रेता यास आढेवेढे घेणार नाहीं. जो घेईल, त्याच्या दारांतून रिकाम्या हातानें परत येणें हाच त्या दिवसाचा नफा समजावा.