रद्दीची सुतळी वळून बघा



घायपाताच्या वाखाची चऱ्हाटं वळणारे हात आपल्याकडं गावोगावी होते. नायलॉन आलं आणि दोरी विकतची झाली. पण ती कुजत नाही. वैरणीतून जनावराच्या पोटात गेली की तिथंच साठते. पेंढ्या बांधायला घरची रद्दी काय वाईट? जपानात शेतकरी जुन्या हिशेबवह्यांच्या कागदाचे धागे वळून कापड विणत. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) ताग मिळेना, तेव्हा जर्मनीनं कागदी सुताची पोती काढली.

कागद आधी फाडून बघावा. ज्या दिशेनं सरळ फाटतो, त्याच दिशेनं दोन बोटं रुंद पट्ट्या काढाव्यात. ओला हात फिरवून मांडीवर पीळ द्यावा. असे दोन पेड एकमेकांवर उलट्या बाजूनं वळावेत. दोरी उकलत नाही ती या उलट्या पिळामुळं; जुन्या माणसांना हे सांगायला नको. पट्टी संपायच्या आधीच नवी चार बोटं आत घालावी, मात्र दोन्ही पेडांचे जोड एका जागी येऊ देऊ नयेत. चकचकीत कागद पीळ नीट धरत नाही.

दाव्या-कासऱ्याला ही सुतळी नको, भिजली की जोर जातो. आणि पेंढी सोडताना ती काढून घ्यावी. छापील शाई जनावराच्या पोटात कशाला? काढलेली सुतळी उकिरड्यात टाकली तरी कुजून जाते.