बाळ रागावलं की घाबरलं?

नऊ महिन्यांचं एक बाळ. त्याच्यासमोर झाकण उघडताच टुणकन बाहेर उसळणारं खेळणं ठेवलेलं. बाहुला वर येतो, बाळ दचकतं, आणि पुन्हा तसंच झाल्यावर रडू लागतं. जॉन काँड्री आणि सँड्रा काँड्री या अमेरिकन संशोधकांनी याची फिल्म 204 जणांना दाखवली आणि बाळाला काय वाटत असेल ते विचारलं. काहींना सांगितलं होतं की हा मुलगा आहे, बाकीच्यांना सांगितलं की ही मुलगी. फिल्म तीच आणि रडणंही तेच. मुलगा समजून पाहणाऱ्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला. मुलगी समजून पाहणाऱ्यांना भीती.

हा प्रयोग 1976 साली प्रसिद्ध झाला. स्त्री-पुरुषांच्या भावनांवर गेल्या पन्नास वर्षांत जे संशोधन झालं, त्यात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाईच्या आणि पुरुषाच्या चेहऱ्यावर काय दिसतं हे मोजायला निघालेल्या माणसाची नजर आधीच शिकून आलेली असते, हे त्याने लख्ख दाखवलं.

ही शिकवण जुनी आहे. डार्विनने 1871 साली मानवाच्या वंशावळीवरच्या ग्रंथात लिहिलं की स्त्रीमध्ये कोमलता अधिक, अंतःप्रेरणा तीव्र, आणि समोरच्या गोष्टीची जाण चटकन येते. मात्र लगेच पुढे त्याने असंही नोंदवलं की यांतले काही गुण मागासलेल्या अवस्थेचं लक्षण आहेत. भावना ओळखण्याची हातोटी बाईला बहाल करायची आणि त्याच हातोटीवरून तिला खालची पायरी दाखवायची, ही पद्धत पुढे मानसशास्त्रात बराच काळ टिकली. त्याच सुमारास, 1882 साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून विचारलं होतं की जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? प्रयोगशाळेतल्या लोकांना या प्रश्नापर्यंत यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

1974 साली एलेनर मॅकोबी आणि कॅरल जॅकलिन यांनी तोवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा पुस्तकरूपात मांडला. मुली अधिक सोशल असतात, दुसऱ्याच्या प्रभावाखाली लवकर येतात, अशा कितीतरी समजुतींना आधार सापडला नाही. भीती, भित्रेपणा आणि चिंता यांबाबत मात्र त्यांनी निकाल दिला नाही. हे प्रश्न खुले ठेवले. पुढच्या पिढीचं काम याच खुल्या प्रश्नांभोवती फिरलं.

त्याच दशकात हार्वर्डला रॉबर्ट रोझेन्थाल आणि त्यांचे सहकारी एक चाचणी घडवत होते. एकाच स्त्रीने वीस प्रसंग अभिनयातून साकारले, आणि त्यांतून दोन-दोन सेकंदांचे 220 तुकडे तयार केले. कुठे फक्त चेहरा, कुठे फक्त शरीर, कुठे शब्द कळणार नाहीत असा केलेला आवाज. ती कुणाची तरी समजूत काढते आहे की रागावली आहे, हे पाहणाऱ्याने ओळखायचं. रोझेन्थालबरोबर काम केलेल्या जुडिथ हॉल यांनी 1978 साली अशा प्रकारच्या 75 अभ्यासांची एकत्र मांडणी केली, तेव्हा बायका सरासरीने पुढे निघाल्या. किती पुढे? गर्दीतून सहज एक पुरुष आणि एक बाई निवडली, तर शंभरातल्या साधारण 61 वेळा बाईचे गुण जास्त भरतील, इतक्या. 2014 साली थॉम्पसन आणि व्हॉयर यांनी भावना ओळखण्यावरचा आणखी मोठा साठा तपासला. तेव्हा हे प्रमाण 55 च्या आसपास आलं. फरक खरा आहे. पण नाणेफेकीपासून फार दूर नाही, आणि ‘बायकांना मन वाचता येतं, पुरुषांना येत नाही’ हे ठाम विधान त्याला पेलत नाही.

हा फरक येतो कुठून? नॅन्सी हेन्ली यांनी 1977 साली सत्तेचं कारण दिलं: ज्याच्या हातात काही नसतं, त्याला वरच्याचा चेहरा वाचावाच लागतो. उंबऱ्यावरच्या चपलेच्या आवाजावरून घरातल्या कर्त्याचा मूड ओळखणाऱ्या बायका आपल्यापैकी अनेकांच्या घरांत होत्या, म्हणून हे पटकन पटतं. मलाही ते पटलं होतं. परंतु हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ते तपासलं, तेव्हा दबलेल्या माणसाला चेहरे अधिक चांगले वाचता येतात याला फारसा आधार मिळाला नाही. पटणारं कारण खरं असेलच असं नाही, हे या विषयात वारंवार दिसलं आहे.

त्याहून जवळचा धागा 2001 साली क्रिस्टी क्लाइन आणि सारा हॉजेस यांच्या प्रयोगात सापडला. एका स्त्रीच्या अपयशाची कहाणी व्हिडिओत पाहून तिच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं होतं. आधी ‘तुम्हाला तिच्याबद्दल किती सहानुभूती वाटते’ असं विचारलं, तर बायका सरस ठरल्या. पण अचूक उत्तराला पैसे मिळतील असं सांगितलं, तेव्हा दोघांचीही कामगिरी सुधारली आणि अंतर मिटलं. म्हणजे पुरुषांनाही कळतं. कळून घ्यावं असं त्यांना वाटायला हवं. आपल्याकडे मुलग्यांना ही निकड कधी कुणी शिकवली? रडणाऱ्या मुलाला ‘बायकांसारखा काय रडतोस’ म्हणून गप्प करताना त्याला आणखी एक गोष्ट शिकवली जाते: दुसऱ्याचं रडणंही पाहायचं नाही.

व्यक्त करण्याच्या बाजूचं चित्र अधिक गुंतागुंतीचं आहे. रॉस बक यांनी 1970च्या दशकात लोकांना भावना जागवणाऱ्या स्लाइड्स दाखवल्या आणि त्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले. बायकांच्या चेहऱ्यांवरून त्यांनी काय पाहिलं ते ओळखणं सोपं गेलं. पण पुरुषांच्या त्वचेवरची विद्युत प्रतिक्रिया अधिक होती: चेहरा गप्प आणि शरीर बोलत होतं. 1998 साली अ‍ॅन क्रिंग आणि अल्बर्ट गॉर्डन यांनी फिल्म दाखवून अशीच तपासणी केली. बायका अधिक व्यक्त झाल्या, मात्र ‘अधिक वाटलं’ असं त्यांनी सांगितलं नाही. दाखवणं आणि वाटणं इथे वेगळं झालं, आणि ‘बायका जास्त भावनिक’ या वाक्याचा पायाच हलला.

हसण्याचंही तसंच. मारियान लाफ्रान्स आणि सहकाऱ्यांनी 2003 साली एकत्र केलेल्या 162 अभ्यासांत बायका आणि मुली जास्त हसताना दिसल्या. पण आपल्याकडे कुणी पाहतंय हे माहीत असलं की अंतर वाढलं, आणि दोघांची भूमिका सारखी असली की ते घटलं. आर्ली हॉक्शिल्ड यांनी विमानातल्या सेविकांवर 1983 साली लिहिलेलं पुस्तक याला जोडून वाचायला हवं. या सेविकांचं हसू पगारात धरलेलं असतं.

मुलांकडे पाहिलं तर फरक जन्मजात वाटत नाही. टारा चॅप्लिन आणि अमेलिया अल्डाओ यांनी 2013 साली 166 अभ्यासांतल्या 21,709 मुलांची तुलना केली. फरक एकूण लहान होता, तान्ह्या वयात जवळजवळ नव्हताच, आणि वय वाढत गेलं तसा दिसू लागला.

मग प्रश्न उरतो तो पाहणाऱ्यांचाच. लिसा फेल्डमन बॅरेट यांच्या गटाने 1998 साली लोकांना आठवडाभर प्रत्येक भेटीगाठीनंतर लगेच भावना नोंदवायला सांगितलं. ‘तुम्ही एकूण कसे आहात’ असं विचारलं की बायका स्वतःला अधिक भावनिक म्हणायच्या. तेव्हाच्या तेव्हा नोंदलेल्या भावनांत ते अंतर फारसं उरत नव्हतं. स्वतःविषयीचं उत्तरही शिकवणीतून येत होतं. 2008 साली व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उल्मन यांनी नोकरीच्या मुलाखतीतला राग तपासला. रागावलेल्या पुरुषाचा दर्जा वाढला, रागावलेल्या बाईचा घसरला. पुरुषाच्या रागाला परिस्थिती कारणीभूत ठरली, बाईच्या रागाला तिचा स्वभाव. मुलगी म्हणून पाहिलेल्या बाळाच्या रडण्यात राग कमी का दिसला, याचं उत्तर मला इथे थोडंफार मिळतं.

दुसऱ्या बाजूच्या पुराव्यालाही जागा द्यायला हवी. 2022 साली 57 देशांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांना फक्त डोळ्यांचे फोटो दाखवून मनःस्थिती ओळखायला सांगितलं गेलं. 36 देशांत बायका सरासरीने पुढे होत्या, 21 देशांत दोघे सारखे, आणि पुरुष पुढे असलेला एकही देश नाही. हे निव्वळ नजरेच्या दोषाने समजावता येणार नाही. इतक्या वेगवेगळ्या समाजांत दिसणारा कल गंभीरपणे घ्यायलाच हवा, आणि त्यामागे शरीर किती, संगोपन किती, हे त्या गुणांवरून ठरवता येत नाही हेही तितक्याच गंभीरपणे.

त्याच्या आदल्या वर्षी अलेक्झांडर वेगार्ड, एमी लोविस्का आणि अ‍ॅड्रियन बेल्ट्झ यांनी 142 जणांच्या भावना 75 दिवस रोज नोंदवल्या होत्या. त्यांत पुरुष होते, नैसर्गिक पाळी असलेल्या स्त्रिया होत्या आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियाही. भावनांचे चढउतार सगळ्यांचे जवळपास सारखे निघाले. संप्रेरकांमुळे बायकांच्या मनाचा भरवसा नाही, या समजुतीपायी कित्येक अभ्यासांतून त्यांना दशकानुदशकं बाहेर ठेवलं गेलं होतं, आणि त्या निर्णयाला आधार नव्हता, हे या तिघांनी स्पष्ट लिहिलं.