‘तगाई’ शब्दाविषयीं

दुष्काळानंतर सरकारनें रयतेस केलेल्या मदतीचे कागद जुन्या दप्तरांत आढळतात. परंतु सूट, तहकुबी व तगाई हीं एकच समजण्याची चूक आपणां संग्राहकांकडून होते. सूट म्हणजे सारा माफ. तहकुबी म्हणजे वसुली पुढील सालावर. तगाई ही मात्र बैलबियाण्यासाठीं दिलेली उचल. ती फेडावी लागे.

या शब्दाचें मूळ आम्हीं पुष्कळ दिवस संस्कृतांत व्यर्थ शोधलें! तो अरबी ‘तकावी’ होय. अर्थ, बळ देणें. शिवाजीमहाराजांनीं १६७६ सालीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास धाडलेलें पत्र याच अर्थाचें आहे. ज्याच्यापाशीं माणूस आहे पण बैल नाहीं, त्यास बैलांसाठीं रोकड व पोटास खंडी-दोन खंडी दाणे द्यावे. वाढीदिढी न करितां केवळ मुद्दल, तेंही रयत सावरल्यावर हळूहळू घ्यावें, अशी त्यांत आज्ञा आहे. पत्र दुष्काळाचें नव्हे, हें खरें. तथापि मोडलेली शेती उभी करण्याची रीत तीच. इंग्रजी अमलांत १८८४ च्या कायद्यान्वयें बियाणें व गुरें घेण्यास मिळणाऱ्या कर्जासही लोक तगाईच म्हणत. पण त्यावर व्याज पडे.

यास्तव ज्या कागदावर केवळ मुद्दल दिसेल, तो सावकारी खतांच्या गठ्ठ्यांत बांधण्यापूर्वीं पुन्हां वाचावा. आम्हीं एक असाच बांधला होता. तो पुन्हां हातीं लागण्यास दोन वर्षें गेलीं.