उजेडाची काटकसर

१८३८ साली लुई दाग्येर याने पॅरिसमधील एका उंच खिडकीतून बुलव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्या रस्त्यावर घोडागाड्यांची व पादचाऱ्यांची वर्दळ चालू होती. परंतु तबकडीवर प्रतिमा उमटण्यास कित्येक मिनिटे लागत असल्यामुळे ती सारी वर्दळ चित्रातून नाहीशी झाली, आणि एका कोपऱ्यावर जोड्यांना पॉलिश करून घेत पाय स्थिर ठेवून उभा असलेला एक अनामिक गृहस्थ मात्र छायाचित्रात सापडलेल्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणून इतिहासाच्या दफ्तरी रुजू झाला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ या विद्येत रमू लागले, तेव्हा काचेच्या तबकड्यांनी मिनिटांचा हिशेब सेकंदांवर आणला होता. पुढच्या शतक-दीड शतकात रसायनशास्त्रज्ञांनी आणि यंत्रज्ञांनी आपली सारी बुद्धी हा अवधी आणखी तोडण्यात खर्च केली, तो इतका की आज खिशातला फोनदेखील सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र टिपून मोकळा होतो. आणि नेमक्या अशा वेळी हौशी छायाचित्रकार पदरचे पैसे मोजून एक काळी काच विकत घेतो, ती भिंगापुढे बसवतो, आणि पूर्वसूरींनी मोठ्या कष्टाने मिळवलेला वेग बुद्ध्या घालवून टाकतो.

या काचेला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, व्यवहारात नुसते एनडी, म्हणतात. सर्व रंगांचा प्रकाश तिने सारख्या प्रमाणात अडवावा आणि अन्य कोणतीही ढवळाढवळ करू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. तिच्या कडेवरचे आकडे नवशिक्याला गोंधळात पाडतात, कारण एकच शक्ती तीन पद्धतींनी सांगण्याचा बाजाराचा शिरस्ता आहे. एनडी ८ म्हणजे प्रकाशाचा आठवा हिस्सा आत येणार. दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो या मोजणीने तिलाच कोणी तीन स्टॉप म्हणतो, तर कोणी ०.९ घनता. एनडी ६४ म्हणजे सहा स्टॉप किंवा १.८ घनता, आणि एनडी १००० म्हणजे दहा स्टॉप किंवा ३.० घनता. दोन काचा एकीवर एक चढवल्या तर स्टॉपांची बेरीज करावी आणि हिश्शांचा गुणाकार.

लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि छिद्र एफ १६ ठेवले, तर सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग पुरतो. एनडी १००० लावताच तेथे दहा सेकंद लागतात. आषाढातल्या ढगाळ दुपारी ठोसेघर किंवा आंबोलीच्या धबधब्यासमोर एफ ११ वर काचेवाचून सेकंदाचा पंचविसावा भाग लागत असेल, तर एनडी ८ ने तो सेकंदाच्या तिसऱ्या भागावर येतो, एनडी ६४ ने अडीच सेकंदांवर आणि एनडी १००० ने चाळीस सेकंदांवर. पहिल्या चित्रात पाण्याच्या धारा वेगळ्या दिसतात, दुसऱ्यात त्या एकजीव होतात, आणि तिसऱ्यात पाण्याच्या जागी एक शुभ्र, निराकार पट्टा उरतो, ज्याच्यात ना वजन असते ना आवाजाची आठवण. धबधब्याला दहा स्टॉपची काच लावण्याची जी प्रथा पडली आहे ती मला रसहीन वाटते. पावसाळी उजेडात तीन स्टॉप पुष्कळ झाले.

समुद्राची गोष्ट निराळी आहे. राजपुरीच्या किनाऱ्यावरून मुरुडच्या जंजिऱ्याकडे पाहिले असता लाटांची अखंड हालचाल नजरेला इतकी गुंतवून ठेवते की पाण्यातून थेट उठलेल्या त्या तटाची आणि बुरुजांची भव्यता सहसा एका दृष्टिक्षेपात जाणवत नाही; परंतु अर्ध्या-एक मिनिटाच्या चित्रात लाटा विरघळून पाणी सपाट होते आणि दगडच काय तो स्थिर राहतो. ढगही त्या अवधीत वाऱ्याच्या दिशेने ओढले जातात. प्रवाशांना किल्ल्यावर नेणाऱ्या शिडाच्या होड्या अशा चित्रात पुसट रेघ होऊन जातात, आणि नांगरलेली होडी तर डुलत असल्यामुळे सर्वांत वाईट दिसते: ना ती नाहीशी होते, ना धड उमटते. तिला चौकटीबाहेर ठेवणे किंवा ओहोटीला ती वाळूवर टेकेपर्यंत थांबणे, हेच दोन मार्ग.

गर्दीचे गणितही सोपे आहे. चालता माणूस सेकंदाला सव्वा-दीड मीटर पुढे सरकतो, म्हणजे चित्रातील एखादी जागा तो जेमतेम अर्धा सेकंद व्यापतो. तीस सेकंदांच्या चित्रात त्याचा वाटा साठावा, आणि एवढ्या अल्प वाट्याने त्याची आकृती उमटत नाही. दाग्येरच्या घोडागाड्या याच नियमाने गेल्या. सोव्हिएत राजवट कोसळल्यानंतरच्या सेंट पीटर्सबर्ग शहरात अलेक्सेई तितारेन्को याने मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवरील लोंढ्याची जी दीर्घ छायाचित्रे घेतली, त्यांत माणसे धुरकट होऊन कठड्यावरचे हात तेवढे ओळखू येतात, आणि त्या काळातील टंचाई व अनिश्चितता ते हात ज्या प्रकारे सांगतात त्या प्रकारे स्पष्ट चेहऱ्यांनी सांगितली नसती.

आता स्वस्त काचेचा विचार. नामांकित कंपनीच्या दहा स्टॉपच्या काचेला पुष्कळ हजार मोजावे लागतात, आणि तेवढीच काळी दिसणारी दुसरी काच काही शे रुपयांत मिळते. तफावत कोठे आहे हे कळले की दुसरी घ्यावी की नाही याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. पहिला दोष रंगाचा. स्वस्त काच सर्व रंग सारखे अडवीत नाही, त्यामुळे चित्रावर जांभळट किंवा तपकिरी झाक येते. हा दोष जितका बदनाम आहे तितका गंभीर नाही, कारण तो सर्वत्र सारखा असतो. काच लावलेली असतानाच एखाद्या पांढऱ्या कागदावरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ठरवून घेतला, किंवा रॉ फाइल ठेवून नंतर घरी दुरुस्ती केली, तर त्याचा बराचसा बंदोबस्त होतो.

खरा दोष डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा संवेदक मानवी दृष्टीच्या पलीकडील अवरक्त प्रकाशही टिपतो, म्हणून उत्पादक त्याच्यापुढे अवरक्त रोखणारा एक पातळ पडदा बसवतात. तो पडदा थोडासा अवरक्त प्रकाश पुढे सोडतोच, परंतु नेहमीच्या चित्रात दृश्य प्रकाश एवढा मुबलक असतो की ती गळती नगण्य ठरते. स्वस्त एनडीमधील रंगद्रव्ये दृश्य प्रकाशाचा हजारावा भागच आत येऊ देतात, पण अवरक्त प्रकाशाला जवळजवळ मोकळी वाट देतात. पुढच्या दाराला भक्कम कुलूप घालून मागचे दार सताड उघडे ठेवावे, तसा हा प्रकार. परिणामी जी गळती पूर्वी नगण्य होती ती आता चित्रात बरोबरीची भागीदार होते. हिरवी पाने अवरक्त प्रकाश फार मोठ्या प्रमाणात परावर्तित करीत असल्यामुळे श्रावणातले भाताचे खाचर तांबूस दिसू लागते, आणि काही काळी कापडे जांभळी होतात. येथे व्हाइट बॅलन्सची मात्रा चालत नाही, कारण प्रत्येक पदार्थाचा अवरक्त हिस्सा वेगवेगळा असतो: पानाचा रंग सुधारावा तर दगडाचा बिघडतो. जांभ्या दगडाचा तट आणि करडा समुद्र एवढेच चित्रात असेल तर हा दोष कोणाच्या लक्षातही येणार नाही. हिरवाई असेल तर चित्र कृष्णधवल करावे किंवा सहा स्टॉपच्या सौम्य काचेवर भागवावे, कारण काच जितकी काळी तितकी या गळतीची मातब्बरी अधिक.

याच्या नेमकी उलट गंमत वेल्डिंगच्या काचेची आहे. हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळणारी ती काच कारागिराचे डोळे राखण्यासाठीच केलेली असल्यामुळे अवरक्त आणि अतिनील हे दोन्ही प्रकाश कसोशीने अडवते, म्हणजे जे काम खास छायाचित्रणासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त फिल्टरला जमत नाही ते ती सहज करते. तिच्या क्रमांकाच्या सूत्राप्रमाणे ८ क्रमांकाची काच बरोबर ३.० घनतेची, म्हणजे दहा स्टॉपची ठरते, आणि १० क्रमांकाची सुमारे पावणेतेरा स्टॉपची. पण ती गडद हिरवी असते, आणि तो हिरवा रंग दुरुस्त करता करता तांबड्या व निळ्या रंगांत खरखर उतरते. शिवाय तिचे पृष्ठ भिंगाच्या दर्जाचे सपाट नसल्याने दूरच्या भिंगावर चित्र मऊ पडते. कृष्णधवल चित्रांसाठी आणि कुतूहलापोटी ती अवश्य वापरून पाहावी, रबरबँडने भिंगावर बांधून. नेहमीच्या कामासाठी नव्हे.

स्वस्तात मुळीच घेऊ नये अशी वस्तू एकच, ती म्हणजे फिरवून कमीजास्त काळी होणारी एनडी. तिच्यात दोन पोलरायझर एकापुढे एक बसवलेले असतात, आणि ती पूर्ण काळी करू जाताच रुंद भिंगावर चित्रभर काळी फुली उमटते. याउलट ठरावीक शक्तीची, गोल, काचेची एनडी स्वस्तातलीही पदरी पडते. ती घेताना आपल्याजवळच्या सर्वांत मोठ्या व्यासाच्या भिंगाच्या मापाची घ्यावी आणि लहान भिंगांसाठी जुजबी किमतीच्या स्टेप-अप रिंगा घ्याव्यात. एकाच काचेत सगळा संच निभावतो, आणि काचेची कड चित्राच्या कोपऱ्यांत डोकावण्याची भीतीही कमी होते. कडेवरच्या आकड्यावर विश्वासून मात्र राहू नये. एका भिंतीचे चित्र काचेशिवाय आणि काचेसह घेऊन दोन्ही सारखी उजळ होईपर्यंत अवधी बदलत गेले, की दहा स्टॉपची म्हणून घेतलेली काच खरोखर नवाची आहे की अकराची, हे समजते, आणि मग ते आपल्या हिशेबात धरावे.

वाचलेले पैसे तिपाईवर घालावेत, हे माझे स्पष्ट मत आहे, कारण काचेचा दोष नंतर थोडाफार सावरता येतो, हललेले चित्र सावरता येत नाही. ओल्या वाळूत प्रत्येक लाटेगणिक तिपाईचे पाय खचतात, म्हणून ते आधीच दाबून रोवावेत. फोकस काच लावण्यापूर्वी साधून स्वयंचलित यंत्रणा बंद करावी, भिंगातील कंपनरोधक व्यवस्थाही बंद करावी, आणि आरशाच्या कॅमेऱ्याचा दर्शक झाकावा, नाहीतर तेथून शिरलेला उजेड दीर्घ चित्रात डाग होऊन बसतो. बहुतेक कॅमेरे तीस सेकंदांवर थांबतात. पुढे बल्बची सोय आणि रिमोट लागतो. केंद्रसंरक्षित किल्ल्यांवर तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तिची तजवीज निघण्यापूर्वी करावी. ज्याला काहीच खर्च करायचा नाही त्याने स्थिर कॅमेऱ्याने बरीच छोटी चित्रे ओळीने घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढावी. समुद्र त्यानेही शांत होतो, आणि अवरक्त गळतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

एक सूचना मात्र हयगय न करता पाळावी. यांपैकी कोणतीही एनडी डोळ्यासमोर धरून, किंवा आरशाच्या कॅमेऱ्याच्या दर्शकातून, सूर्याकडे पाहू नये. काच काळी आहे म्हणून डोळा दिपत नाही, पण जो अवरक्त प्रकाश संवेदकापर्यंत पोचतो तोच दृष्टिपटलापर्यंतही पोचतो, आणि दृष्टिपटलाला वेदना होत नसल्याने इजा झाल्याचे त्या क्षणी कळतही नाही. सूर्य पाहण्यासाठी वेल्डिंगची काच किमान १२ क्रमांकाची, आणि शक्यतो १४ क्रमांकाची लागते. वर सांगितलेल्या ८ आणि १० क्रमांकांच्या काचा त्या कामाच्या नव्हेत.