‘जरा धडधडतंय, एवढंच!’

‘काही नाही हो, जरा धडधडतंय, एवढंच!’ असं म्हणून पदराने कपाळ पुसत पुन्हा ओट्याकडे वळणारी बाई आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेली आहे. कुणाच्या घरी ती आई असते, कुणाच्या घरी सून, कुणाच्या घरी वहिनी. ‘टेन्शन असेल,’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं, तिलाही ते पटतं आणि विषय तिथेच मिटतो. मुलाला दोन दिवस ताप आला तर रजा टाकून दवाखाना गाठणारी ही आई स्वतःच्या छातीतली धडधड मात्र मुलाची तपासणी उरकल्यावर, पर्समधून पैसे काढता काढता डॉक्टरांच्या कानावर घालते. उभ्या उभ्या सांगितलेल्या तक्रारीला उत्तरही उभ्या उभ्याच मिळतं.

आता ही धडधड म्हणजे नेमकं काय? आपलं हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा, म्हणजे दिवसाकाठी एक लाखाच्या आसपास ठोके देतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पत्ता लागू लागला की ती धडधड. धावत पळत ८.१२ची लोकल पकडल्यावर ती होणारच, त्यात काही वावगं नाही. ‘काळजाचा ठोका चुकला’ असं आपण म्हणतो, ते तर वैद्यकाच्या हिशेबानेही बरंचसं खरं आहे. एखादा ठोका वेळेआधी पडतो. हृदय तेव्हा पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो जाणवतच नाही. मग क्षणभर विसावा. तेवढ्यात जास्त रक्त साठतं आणि पुढचा ठोका धाडकन आतून आदळतो. असे चुकार ठोके बहुतेकांना अधूनमधून पडतात, आणि हृदय निरोगी असेल तर सहसा त्यांनी काही बिघडत नाही. दिवसभर कुकरच्या शिट्ट्या, शाळेची रिक्षा, ऑफिसचा फोन यांत ते ऐकू येत नाहीत. रात्री दिवे मालवून डाव्या कुशीवर टेकलं की नेमके ऐकू येतात.

मग ‘टेन्शन’ म्हणण्यात चूक काय? टेन्शन नसतं असं नाही. चूक आहे ती क्रमाची. हे नाव तपासण्या झाल्यावर, सगळ्यात शेवटी द्यायचं असतं. आपल्याकडे ते सगळ्यात आधी दिलं जातं.

तपासण्यांत पहिला मान हिमोग्लोबिनचा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्क्यांच्या घरात होता. म्हणजे निम्म्याहून अधिक! गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅम तरी असावं. ते आठ-नऊवर उतरलं की प्राणवायू वाहून नेणारी माणसं कमी पडतात आणि हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. जिना चढताना दम, पायात गोळे, दुपारी डोळ्यांवर झापड, आणि धडधड. बाई म्हणते, ‘वय झालं आता.’ वय असतं अडतीस! पाळीत जास्त जाणारं रक्त, पाठोपाठची बाळंतपणं, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं पानात वाढून घेण्याची आपली थोर परंपरा, ही त्याची कारणं. लोहाची गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. आणि रक्त भरून आलं तरी पुढे दोन-तीन महिने ती चालू ठेवावी लागते. बहुतेकजणी बरं वाटताच डबी बाजूला ठेवतात.

दुसरी तपासणी थायरॉईडची. ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली की वजन उतरतं, हात थरथरतात, उकडतं आणि नाडी धावते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काहीजणींना हा त्रास होतो, आणि ‘बाळामुळे झोप नाही ना, म्हणून’ या सबबीखाली झाकला जातो. चाळिशी-पंचेचाळिशीत पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून वाफा निघतात, त्यांच्याबरोबरही धडधड येते. शिवाय सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप आणि रिकाम्या पोटी घेतलेले तीन-तीन कप कडक चहा. डॉक्टरांना चहाचा हिशेब खरा सांगावा!

लहानपणी घसा दुखून सांधे सुजल्याचा इतिहास असेल तर तो आठवणीने सांगायला हवा. सांधेतापाने झडपा आकुंचन पावलेलं हृदय आपल्या देशात अजून दिसतं, त्यातही स्त्रियांत अधिक. अनेकींना ते कळतं ते पहिल्या गरोदरपणात, जेव्हा हृदयावरचा भार वाढतो तेव्हा.

ओळखीतल्या एका शिक्षिकेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. फळ्यावर लिहिता लिहिता एकदम बटण दाबल्यासारखी धडधड सुरू व्हायची, दहा-पंधरा मिनिटं छाती फुटेल असं वाटायचं, आणि तशीच पटकन थांबायची. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी स्वच्छ. ‘मनावर घेऊ नका,’ असं पाच वर्षं ऐकल्यावर त्या खरंच मनाचा आजार समजू लागल्या होत्या. एकदा धडधड चालू असतानाच एका सहकारी बाईंनी त्यांना शेजारच्या इस्पितळात नेलं. पट्टीवर १८० ठोके उमटले. हृदयात जन्मापासूनच विजेची एक जादा वाट होती, तिच्यावरून ठोके गोल गोल फिरत होते. मांडीच्या शिरेतून बारीक तार घालून ती वाट जाळून टाकली, आणि बाई पुन्हा वर्गावर.

हे काही एकटीचं नव्हे. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच प्रकारच्या १०७ रुग्णांची जुनी कागदपत्रं तपासली गेली. निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता, आणि ‘ही घबराट आहे’ असा शिक्का पुरुषांपेक्षा स्त्रियांवर कितीतरी जास्त बसला होता. डॉक्टर तिकडचे असोत की इकडचे, बाईच्या छातीत धडधडलं की आधी मनाकडे बोट जातं.

म्हणून धडधड नसतानाचा ईसीजी स्वच्छ आला तर तेवढ्यावर थांबू नये. चोवीस तास अंगावर बाळगायचं होल्टर नावाचं छोटं यंत्र असतं. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी ते पहिल्यांदा बनवलं, तेव्हा ते पाठीवर घ्यायचं अडतीस किलोंचं ओझं होतं! आता ते पदराआड मावतं आणि ते लावून स्वयंपाकही करता येतो. काही घड्याळंही आता मनगटावरच ईसीजीची पट्टी काढतात. डॉक्टरांना दाखवायला ती उपयोगी, पण दर पाच मिनिटांनी आकडा बघत बसलं तर त्यानेच धडधड वाढते.

सगळ्यात स्वस्त साधन मात्र घरातच आहे. धडधड सुरू होताच बसावं, सेकंदकाटा बघत मनगटाची नाडी तीस सेकंद मोजावी आणि दुप्पट करावी. कॅलेंडरच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहावं: किती वाजता, किती मिनिटं, किती ठोके, एकदम सुरू झाली की हळूहळू, आधी काय खाल्लं-प्यालं. ठोके घड्याळासारखे एकसारखे की वेडेवाकडे, हे टेबलावर बोटाने वाजवून डॉक्टरांना दाखवता येतं. वेडेवाकडे असतील तर उशीर नको, कारण त्या प्रकारात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो.

सगळं तपासून काही निघालं नाही आणि खरोखरच मनाचा ताण निघाला, तरी तो ‘काहीच नाही’ नसतो. त्यालाही औषध असतं, बोलून मोकळं होण्याची सोय असते. श्वास हळू सोडण्याने अनेकींना आराम पडतो. पण इथे घरच्यांबद्दल बोललंच पाहिजे. ‘तू आराम कर’ हा जगातला सर्वात फुकट सल्ला आहे. सकाळचा डबा कोण करणार, अण्णांच्या गोळ्या कोण देणार, धाकट्याचा गृहपाठ कोण घेणार, हे ठरल्याशिवाय तिने आराम करायचा कसा? पडल्या पडल्या दूध उतू जाईल याकडे कान लावून?

आणि काही वेळा आरामाचंही नाव काढायचं नाही. धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली, धावता-चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा घराण्यात तरुणपणी कुणी अचानक गेलेलं असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच-सहा महिन्यांत पाय सुजून आडवं झाल्यावर गुदमरत असेल, तरी तसंच. जायला काही साधन नसेल तर १०८ नंबर फिरवायचा. पोळ्या राहिल्या तर राहू द्यात, कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणता येतो.