हृदय सावरले, भीती उरली

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून असो वा एखाद्या खासगी रुग्णालयातून, हृदयविकाराचा झटका सोसून माणूस घरी येतो. रिपोर्ट चांगले असतात. तरी छातीत जरा कळ आली की तो रात्री दचकून उठतो, जिना टाळतो, घरात एकटा थांबत नाही. ‘आता कसली भीती?’ असे त्याला कृपा करून विचारू नका. हा आघातोत्तर तणाव असू शकतो. कोलंबिया विद्यापीठाचे डोनाल्ड एडमंडसन यांनी २०१२ मध्ये २४ अभ्यास एकत्र तपासले. साधारण आठांतल्या एका रुग्णात तो आढळला. अशांना पुन्हा झटका किंवा मृत्यूचा धोका दुप्पट दिसला.

हाच तणाव घेऊन युद्धावरून आलेला सैनिक रणांगणापासून दूर जाऊ शकतो. इथे धोका स्वतःच्याच छातीत धडधडतो. चालताना वाढलेले साधे ठोकेही मेंदूला इशारा वाटतात. काहीजण गोळ्याच टाळतात, कारण गोळी झटक्याची आठवण करून देते. मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू चालणे वाढवले, की वाढलेले ठोके म्हणजे संकट नव्हे, हे मेंदू पुन्हा शिकतो. समुपदेशनाचाही उपयोग होतो. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मात्र छातीत नव्याने दुखले, तर ती भीतीच असेल असे धरून घरी बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.